डोकं काढायचं नाही

मामाचं डोकं मांडीवर घेऊन मी त्यात पंखा बसवत होते, तेवढ्यात आई इस्त्री आपटत म्हणाली, "लोकांचे भाऊ इंजिनिअर होतात, डॉक्टर होतात. आमचा भाऊ कधी बूट होतो, कधी बॅटरी होतो. गेल्या महिन्यात तर टूथपेस्ट झाला होता."

"आज माणूस होतोय ना, ताई," मामा म्हणाला. निळ्या फोमच्या रुंद छातीवर त्याची स्वतःची मान काडीसारखी दिसत होती. "नुसता माणूस नाही. बाबा."

बाबा म्हणजे ढगफाडे बाबा. 'ढगफाडे कुटुंब' हे कॉमिक्स: उडणारा बाप, भिंतीतून आरपार जाणारी आई, विजेसारखी थोरली, आणि काहीच न येणारा धाकटा, ज्याला बाप एका हाताने धरून सगळीकडे घेऊन उडतो. प्रत्येक अंकाच्या शेवटी तेच वाक्य: 'ढगफाडे हात सोडत नाहीत.' माझ्या जन्माआधीपासून ते निघत होतं, मग बंद पडलं. जुने अंक मामानेच मला वाचून दाखवले, थोरलीचा चिरका आवाजसुद्धा काढून. आणि आज इतक्या वर्षांनी नव्या मालिकेचा पहिला अंक येणार होता. कॉमिक्सच्या दुकानाच्या दारात उभं राहायला जाहिरातींसाठी पोशाखातली माणसं पुरवणाऱ्या एजन्सीने बाबाचा पोशाख मामालाच दिला होता. आठवडाभर तो आरशासमोर हात हलवायची तालीम करत होता.

या धंद्याचे तीन नियम. बोलायचं नाही. लोकांसमोर डोकं काढायचं नाही. आणि दोन्ही हात सतत दिसले पाहिजेत, लहान मुलं जवळ असली की जास्तच. आतून फक्त तोंडाच्या जाळीतून दिसतं, तेही लोकांच्या कमरेखालचं. म्हणून सोबत एक माणूस लागतो, आणि सुट्टीच्या दिवशी तो माणूस मी. पाण्याची स्टीलची बाटली पट्ट्याने खांद्याला, आणि माझं तोंड मोकळं. मामाने पोटावर दोन थापा मारल्या की 'ठीक आहे'. डोक्यावर हात ठेवला की 'मला बाहेर काढ'. बाकी सगळं बोलायचं काम माझं. आठवीपर्यंत मी वर्गात 'हजर'सुद्धा कुजबुजून म्हणायचे. मामाच्या पुढे चालत "बाजूला व्हा! बाबांना वाट द्या!" असं ओरडता ओरडता मला कंठ फुटला, आणि फुटला तो पुन्हा मिटलाच नाही. आता बाई म्हणतात, जरा दुसऱ्यांनाही बोलू दे.

आम्ही पोचलो तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. पोरं कमी, बाप्ये जास्त. सगळ्यात पुढे एक आडवा माणूस, छातीपर्यंत दाढी, अंगात विटलेला ढगफाडे टी-शर्ट, पायात पिवळ्या नाड्यांचे बूट. त्याच्याकडे जुना प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद आहे, असं त्याने न विचारता तीनदा सांगितलं. मी मनात त्याचं नाव दाढी ठेवलं. मामा दारात उभा राहिला आणि दाढी धावत येऊन त्याला बिलगला. अक्षरशः रडला. "बाबा," म्हणाला, "किती वाट बघायला लावलीत." मामाने चार बोटांच्या मोठ्या पंजाने त्याची पाठ थोपटली.

पंजाला चारच बोटं, कारण चित्रातही चारच असतात. माणसाची करंगळी आणि शेजारचं बोट आत एकाच खोबणीत कोंबावं लागतं.

दुकानवाल्या काकूंनी गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापल्या. अंक हातोहात गेले. पुढची पंधरा मिनिटं दुकानात फक्त पानं उलटल्याचा आवाज. मीही काउंटरला टेकून वाचलं. एकदम भारी! थोरली आता टोळीची प्रमुख, एका ठोशात टाकी फोडते, पानभर लोखंडाचे तुकडे. मग शेवटचं पान आलं. पुलावरून लोंबकळणारी बस बाबाने एका हाताने धरलीय. दुसऱ्या हातात धाकटा. बस एका हाताला पेलत नाही. शेवटच्या चौकटीत फक्त एक उघडा पंजा, आणि खाली खूप लांब छोटासा धाकटा.

बाबाने हात सोडला होता.

"हे काय आहे?" दाढी ओरडला. "हे काय आहे हे?"

"गोष्ट आहे, काका," मी म्हणाले. "बसमध्ये चाळीस माणसं आहेत. त्यांचं काय?"

"तू गप गं. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून वाचतोय मी."

"मग अजून वरच्या वर्गात का नाही गेलात?"

लोक हसले. मला काय उत्साह आला! मी चढले स्टुलावर. अर्ध्या दुकानाला नवा अंक आवडला होता, अर्ध्याला नव्हता, आणि दोन्ही अर्धी एकदम बोलत होती. "बाप असं करूच शकत नाही," दाढीशेजारचा चष्मेवाला म्हणाला.

"का नाही करू शकत?" मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी मी पहिलीत असताना हात सोडला. त्यांच्या दुसऱ्या हातात बससुद्धा नव्हती."

यावर मात्र कोणी हसलं नाही. दाढीने आपला अंक मधोमध फाडला, मग शेजारच्याचाही. ज्याचा फाडला त्याने दाढीच्या कानाखाली वाजवली. तिथून पुढे कोण कुणाला मारतंय ते कळेना. लोखंडी मांडणी आडवी झाली, बुटांखाली ढगफाडे आई, ढगफाडे आई, ढगफाडे आई. काकू काठी आपटत होत्या, "बाहेर व्हा, बाहेर!" आणि कोणीतरी दाराकडे बोट करून किंचाळलं, "तो बघा! तो बघा कसा हात हलवतोय!"

मामाला आत यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. कानाशी पंखा फिरत असतो. त्याच्यापुढे एक चिमुरडी उभी होती, फोटोसाठी, तिची आई फोन धरून लांब मागे मागे सरकत होती. मामा एका हाताने तिचा हात धरून दुसऱ्याने लोकांना टाटा करत होता.

दाढीने तो टाटा करणारा हात पकडला. "याच हाताने सोडलंस ना? याच हाताने?" पंजा मागे वाकवला. बोटं जिथे थांबतात, त्याच्या पुढे वाकवला. फोममुळे आवाजच आला नाही. मामाने तोंडातून शब्द काढला नाही, फक्त ते मोठं हसरं डोकं एकदा वर आकाशाकडे गेलं.

मग सगळे तुटून पडले. फोमला लाथ घालायला मजा येते, उशीसारखी आत जाते, आतला माणूस दिसत नाही. पहिल्या लाथेला मामा गुडघ्यांवर आला, दुसरीला पुढे वाकला, आणि त्याचा लाल झगा त्याच्याभोवती तंबूसारखा पडला. फुटपाथवरचे लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, कार्यक्रम आहे. एकजण मुलाला खांद्यावर घेऊन दाखवत होता, बघ, बाबाला कसं मारतायत.

मी गर्दीबाहेर फेकली गेले होते. मी हात शोधत होते. डोक्यावर हात ठेव, मामा. ठेव ना. पण दोन्ही हात झग्याच्या आत होते. त्या माणसाने इतक्या वर्षांत हात कधी लपवले नव्हते. चष्मेवाल्याने मांडणीचा गज आणला आणि हसऱ्या डोक्यावर घातला. जबडा तडकला. पुन्हा घातला. मामाचे हात तरीही बाहेर येईनात.

"डोकं काढा त्याचं!" दाढी ओरडला. "बघू तरी कोण आहे!"

तो दोन्ही हातांनी डोकं उपटायला लागला, आणि मामाने हनुवटी छातीशी गच्च दाबून धरली. तिथे मी घुसले. वाटेत कोणाला चावले, मला माहीत नाही. मनगट खारट होतं. कोणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि श्वास गेला तो गेलाच. पट्टा खांद्यावरून काढला, गरगर फिरवला, आणि पाण्याने भरलेली बाटली दाढीच्या तोंडावर हाणली.

त्याचा आवाज मात्र आला. दाढी खाली बसला. तोंडावर हात, हातातून रक्त, रक्तात पांढरं काहीतरी. मी पुन्हा बाटली फिरवली. मला थांबायचंच नव्हतं, खरं सांगते. काकूंची काठी चष्मेवाल्याच्या पाठीत दोनदा बसली, गज खणकन पडला, आणि गर्दी एक पाऊल मागे सरली. मग आणखी एक.

"मामा," मी जाळीशी तोंड नेऊन म्हणाले, "हात कुठायत तुझे?"

झगा हलला. खालून ती चिमुरडी बाहेर आली. एक बूट गायब, केस विस्कटलेले, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मामाच्या मोडलेल्या पंजाची दोन बोटं तिने मुठीत धरली होती. तिची आई लोकांना ढकलत, रडत आली आणि तिने तिला उचललं, पण पोरगी बोटं सोडेना.

"बाबांना लागलं?" तिने विचारलं.

तडकलेलं डोकं नाही म्हणून हललं. डाव्या हाताने पोटावर दोन थापा.

मी त्याला धरून दुकानामागच्या बोळात नेलं. "बाजूला व्हा, बाबांना वाट द्या," मी म्हणत होते. आवाज जेमतेम निघत होता. बोळात तो भिंतीला टेकून बसला.

"ती गेली का?" आतून आवाज आला.

"गेली."

"बघत नाहीये ना?"

"नाही रे, मामा."

"मग काढ."

डोकं काढलं. पंखा बंद पडला होता. नाकातलं रक्त हनुवटीपर्यंत येऊन वाळायला लागलं होतं. मी बाटली उघडून त्याच्या तोंडाला लावली. बाटलीला खोल पोचा पडला होता, त्याने तो अंगठ्याने चाचपला. "हे काय?"

"दाढी," मी म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी करंगळी आणि शेजारचं बोट एकत्र बांधून दिली. म्हणाल्या, हाडं जुळतील, पण ही दोन बोटं पूर्वीसारखी वाकणार नाहीत. "हरकत नाही," मामा म्हणाला, "पंजात तशीही ती एकत्रच असतात."

घरी आईने आधी मला बडवलं, मग जवळ घेतलं, मग त्याच्याकडे वळली. "तुला ओरडता येत नव्हतं? तोंड शिवलं होतं? अरे बाबांनो, मी माणूस आहे, एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"पोरगी होती ना खाली. ऐकलं असतं तिने."

"काय ऐकलं असतं?"

"की आत मी आहे."

आईने इस्त्री उचलली, परत ठेवली.

"आतून नीट ऐकू येत नाही, ताई," मामा खाली बघत म्हणाला. "पंखा असतो. पण सकाळपासून पोरं 'बाबा, बाबा' म्हणत होती ना, तेवढं यायचं."

मामाचं लग्न झालेलं नाही. आईने दिवा नसलेल्या खोलीत जाऊन बराच वेळ कपड्यांच्या घड्या घातल्या.

काकू म्हणाल्या, तक्रार करू. मामा म्हणाला, "कोणाची? चेहरे मी बघितलेच नाहीत. पिवळ्या नाड्यांचे बूट बघितले. बुटांची तक्रार घेतात का?" एजन्सीने पोशाख परत नेला. तडकलेलं डोकं टेम्पोत उलटं पडलेलं मी बघितलं, अजून हसत होतं.

महिन्याने दुसरा अंक आला. पहिल्याच पानावर धाकटा पडता पडता उडायला लागतो. त्याला शक्ती मिळावी म्हणूनच बाबाने हात सोडला होता! झालं, सगळे खूश. शाळेतली पोरं म्हणाली, काय डोकं लढवलंय लेखकाने. ज्यांनी पहिला अंक फाडला होता ते तो शोधत काकूंच्या दुकानात येऊन विनवण्या करायला लागले. मला तो अंक आवडला नाही. सोडलेली पोरं अशी पहिल्या पानावर उडत नसतात.

त्याच आठवड्यात मामाला काम मिळालं. दाताचा नवा दवाखाना उघडत होता, आणि मामा दाढ झाला होता. पांढरीशुभ्र, दोन मुळांची, हसरी. "बढती आहे," आई म्हणाली, "टूथपेस्टवरून थेट दात." पण निघताना तिने त्याच्या उजव्या पंजात कापूस भरून दिला.

दवाखान्याचं काचेचं दार जड होतं, जोरात परत येणारं. मामाचं काम ते उघडून धरायचं आणि वाकून 'आत या' अशी खूण करायची. मी बाटली घेऊन शेजारी. ऊन चढलं तेव्हा पायऱ्यांवरून एक आडवा माणूस आला. रुमाल तोंडावर, काखेत दुसरा अंक. मी बाटलीचा पट्टा मुठीत घट्ट गुंडाळला.

दाढीने आधी बाटली बघितली. तिच्यावरचा पोचा बघितला. मग मला. मग त्याची नजर हळूहळू त्या मोठ्या पांढऱ्या दाताकडे गेली, हसऱ्या तोंडाच्या जाळीपाशी थांबली, आणि रुमाल त्याच्या तोंडावरून खाली आला. समोरचे दोन दात नव्हते.

मामाची जाळी कमरेखालचंच दाखवते. पायरीवर पिवळ्या नाड्यांचे बूट होते.

मी मामाकडे बघितलं. डाव्या हाताने त्याने पोटावर दोन थापा मारल्या.

मग उजव्या हाताने दार ओढलं. पंजाची एक खोबणी वाकत नव्हती, ती काचेवर नुसती टेकली होती, बाकीची बोटं ताणली गेली होती. दात कमरेत वाकला. दाढी जागचा हलेना. काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून फक्त वारा आला. दार परत यायला जोर करत होतं.

तो आत जाईपर्यंत मामाने ते धरून ठेवलं.