सात नंबरच्या कुदळीची माती

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. जुनी असल्यामुळे मला अनुभव सांगण्याचा अधिकार आहे, आणि कुदळ असल्यामुळे तो कुणी ऐकून घेईलच असे नाही.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने मला तापवले, ठोकले आणि पाण्यात बुडवले. पहिली बारा वर्षे मी रस्ते खोदणाऱ्या टोळीत काढली. आम्ही रस्ता खोदायचो, दुसरी टोळी तो बुजवायची, आणि काही दिवसांनी पुन्हा आम्हालाच बोलावणे यायचे. कामाची कधी ददात पडली नाही. मग यंत्र आले आणि मी एका गोदामात मोडक्या शिडीमागे गंज खात पडले.

तिथून मला बाहेर काढले ते एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी. त्यांच्या घरामागे एक टेकडी होती. त्या लहान होत्या तेव्हा तिच्या उतारावर मूळचे गवत होते आणि त्यात बोटभर उंचीची पांढरी रानफुले. पुढे दूरदेशीची घाणेरी आली, झुडपाझुडपाने, आणि तिने सगळा उतार गिळला. बाईंनी वस्तीतली दहा-बारा माणसे जमवली आणि दर रविवारी घाणेरी मुळासकट काढायला सुरुवात केली. वरवर छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते. म्हणून मुळापर्यंत जाणारे कुणीतरी लागते. ती मी.

बाईंनी अवजारांचेही ग्रंथालय केले होते. प्रत्येकाला नंबर आणि कार्ड. माझा नंबर सात. "पहार नंबर तीन मंगळवारपर्यंत परत हवी," असे त्या ज्या आवाजात सांगत, त्या आवाजात सांगितलेली पहार सोमवारीच परत येई.

माझे कार्ड बहुतेक वेळा भावोजींच्या नावावर असे. भावोजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले, त्यामुळे आकड्यांत बोलायची सवय. तिसऱ्या वर्षी उतारावर पहिल्यांदा पांढरी फुले उगवली तेव्हा बाईंनी ती गुडघे टेकून मोजली. अकरा भरली.

"वहिनी, दीडशे रविवार आणि अकरा फुलं," भावोजी म्हणाले. "एका फुलामागे चौदा रविवार पडले."

"पुढच्या वर्षी स्वस्त पडतील," बाई म्हणाल्या.

पण पुढचे वर्ष मिळणार की नाही, हेच ठरायचे होते. उद्यान खात्याच्या साहेबांनी उतार तीनच वर्षांसाठी दिला होता. पाहणीत मूळचे गवत नीट दिसले तर तो बाईंकडे राहणार, तण दिसले तर तिथे फरशी घालून कारंजे करणार, असे त्यांचे पत्र आले. पाहणीला महिना उरला होता.

आणि त्याच आठवड्यात उतारावर गाजरगवत उगवले.

घाणेरी परतली असती तर एक वेळ समजले असते. पण गाजरगवत या टेकडीवर कधीच नव्हते. सगळ्यांना एकच प्रश्न पडला: हे आले कुठून? मला तर इतके कुतूहल वाटले की मी दगडावर आपटले तरी लक्ष नसे.

"शेळ्या," भावोजींनी निकाल दिला. "खुरांतून आणतात. शेळीला काय, कुठेही जाते."

"इथं शेळ्या येतात?" रविवारच्या मंडळींतल्या शिंपीणकाकूंनी विचारले.

"आपण नसताना येत असतील."

"बघितल्यात का तुम्ही?"

"मी पण आपल्यातच असतो ना, काकू."

मग वाऱ्यावर संशय गेला, मग पाखरांवर. भावोजींनी शेळ्यांसाठी काटेरी कुंपणही घातले. त्याचे खड्डे मीच खोदले, मोठ्या उत्साहाने. पंधरा दिवसांत कुंपणाच्या खड्ड्याखड्ड्याला गाजरगवत उगवले, रांगेत, कुणी मुद्दाम पेरल्यासारखे.

बाई ती रांग खड्ड्याखड्ड्याने पाहत गेल्या; सगळे खड्डे माझेच. मग त्यांनी मला उचलले. तीस वर्षे त्या परत आलेले प्रत्येक पुस्तक उघडून झटकत असत. आतून बसची तिकिटे पडत, केसांच्या पिना पडत, एकदा तर अर्धी पोळी पडली होती. कुदळ झटकावी, हे मात्र त्यांना तीन वर्षांत सुचले नव्हते. माझ्या दांड्याच्या बुंध्याशी मातीचा घट्ट गोळा बसला होता. त्यांनी तो उकरून चहाच्या फुटक्या बशीत ठेवला, बशी खिडकीत ठेवली आणि रोज चमचाभर पाणी घातले.

नवव्या दिवशी बशीत चौदा रोपे होती. गाजराच्या पाल्यासारखी, गोजिरवाणी.

"भावोजी, शनिवारी ही कुदळ तुमच्याकडे असते. काय खणता?"

"शोषखड्डा. परसात, मागच्या मोकळ्या प्लॉटला लागून."

"त्या प्लॉटवर काय आहे?"

त्या प्लॉटवर कमरेइतके गाजरगवत होते. "म्हणजे शेळी मीच," भावोजी सावकाश म्हणाले.

"एकटे नाही. कार्डावर सही माझी आहे."

खरे तर अपराध माझाही होता. ज्या उताराला मी मोकळे केले, त्यातच मी दर रविवारी शत्रू नेऊन पेरत होते, आणि वर शेळ्यांना नावे ठेवत होते.

मग सगळ्यांनी हातमोजे चढवून एकेक रोप, फूल धरण्याआधी, मुळासकट उपटले. पाहणीच्या दिवशी उतार स्वच्छ होता. बाई गप्प बसल्या असत्या तर काम झाले असते. शिंपीणकाकूंनी तसे डोळ्यांनी खुणावलेही. पण साहेब आल्याबरोबर बाईंनी त्यांच्यापुढे बशी धरली आणि सगळे सांगितले. माती आमच्याच अवजारातून आली, बी अजून जमिनीत असेल, दोन वर्षे तरी उपटत राहावे लागेल.

"मग नियमाप्रमाणे..." साहेबांनी सुरुवात केली.

"नियमाप्रमाणे आधी बूट धुवा," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय वर कुणालाच सोडत नाही आता."

भावोजींनी बादली आणि ब्रश पुढे केला. साहेब दगडावर बसले. सकाळपासून त्यांनी शहरातल्या पाच बागा पाहिल्या होत्या. बुटांच्या तळाची माती निघता निघेना; बादलीतले पाणी गढूळ झाले आणि त्यावर बारीक काळे बी तरंगू लागले. साहेब वाकून ते पाहत राहिले. आठवड्याला किती बागा आपण फिरतो, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"हे काय काय असेल?" त्यांनी हळूच विचारले.

"बशी आणू?" बाई म्हणाल्या.

साहेबांनी दोन वर्षांची मुदत तिथेच, ओल्या बोटांनी लिहून दिली. मग अनवाणीच उतार चढले.

मित्रांनो, काम झाल्यावर आम्हा अवजारांना धुऊन-पुसून ठेवा, अशी आम्ही पूर्वीपासून विनंती करत आलो आहोत. तेव्हा ती आम्हाला गंज चढू नये म्हणून होती. आता सांगते ते तुमच्या जमिनीसाठी. मी जिथून येते तिथले थोडे माझ्याबरोबर येते, आणि ते काय आहे हे मला दिसत नाही. ते तुम्हीच पाहा.