जितेशचं अळणी जेवण

माझा धाकटा भाऊ जितेश. दारूच्या बाटलीचं बूच कसं निघतं तेसुद्धा त्याला ठाऊक नाय. आणि त्यालाच लेस्लीच्या पोरीच्या लग्नात चौघांनी धरून खुर्चीत बसवला, बेवडा म्हणून. ऐका कसं झालं ते.

आम्ही गिरीज गावचे. केळी, नारळ, थोडी भाजी, अशी आमची वाडी. जितेशला डोक्याचा आजार आहे, बायपोलर म्हणतात त्याला. चढला की रात्र रात्र झोपायचा नाय. अशाच एका चढात त्याने अर्ध्या वाडीतली लोंगर लागलेली केळ आडवी केली. का, तर इथं रिसॉर्ट काढायचं. उतरला की भिंतीकडे तोंड करून पडलेला, स्वतःच्या पोरीने हाक मारली तरी वळायचा नाय. मग लिथियमची गोळी सुरू झाली आणि घर थाऱ्यावर आलं.

पण गोळीने तिचा हिस्सा घेतलाच. पोट सुटलं. हात थरथरायला लागला, चहा कपात कमी आणि बशीत जास्त. तहान तर अशी, की वाडीत जाताना कळशी बरोबर. शेजारचा आग्नेल बोलायचा, "जित्या, पाणी केळींना घालतोस का स्वतःला?" जितेशपण हसायचा. डॉक्टरने विचारलं तरी एकच बोलणं, "सगळं ठीक आहे साहेब." आमच्यात असंच. डॉक्टरसमोर रडगाणं लावलं, की त्याच्या औषधाला नावं ठेवल्यासारखं वाटतं.

मे महिन्यात लेस्लीच्या स्टेफीचं लग्न निघालं. लेस्लीची वाडी आमच्या बांधाला लागून, लहानपणापासूनची दोस्ती. जितेशने स्वतःच्या लग्नातला सूट काढला. कोटाचं बटण एकीकडे, काज दुसरीकडे, मधे पोट.

"साधा शर्ट घाला ना," विनया बोलली. विनया म्हणजे त्याची बायको. "तुम्हाला कोण बघायला येतंय?"

"सगळेच बघतात," तो बोलला.

दुसऱ्या दिवसापासून अळणी सुरू. कोणीतरी डोक्यात भरवलेलं, मीठ सोडलं की अंग उतरतं. उकडलेला दुधी, बिनमिठाचा. पाण्याने पोट फुगतं म्हणून पाणीपण तोडलं. आणि वर उन्हात जाऊन वाडीत खणायचं. विनया ओरडायची, हा ऐकेल तर ना. पण कोट खरंच जवळ आला! आरशासमोर उभा राहून बटण लावायचा, काढायचा, परत लावायचा. इतक्या दिवसांनी त्याला स्वतःकडे बघून खूश झालेला बघितला.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्याला उलट्या झाल्या. दुधी बाधला असेल म्हणून कोणाला बोलला नाय. संध्याकाळी रिसेप्शनला आला तो झोकांड्या देत. बँड जोरात, माणसं नाचतायत, आणि हा टेबलं धरत धरत चाललाय. जीभ जड. हात नुसता थरथरत नव्हता, उडत होता.

"अरे, जित्याने उपास सोडला रे!" आग्नेल ओरडला. हशा पिकला. चौघांनी धरून त्याला खुर्चीत बसवला. कोणी लिंबूपाणी आणलं, कोणी बोललं गाडीत झोपवा.

मी जेवणाच्या रांगेत होतो. विनया धावत आली. "दादा, ह्यांनी थेंब घेतला नाय. तुम्ही तोंडाचा वास बघा."

"असू दे गं वहिनी," आग्नेल बोलला, "लग्नात चालतं."

मी वाकलो. वास कसलाच नाय. ओठ सुकून पापड झालेले. मला बघून तो काहीतरी बोलला, ते मला कळलं नाय. मी लेस्लीला गाठला.

"लेस्ली, गाडी काढ."

लेस्ली नवरीचा बाप. आत केक कापायला थांबलेले. काय, कशाला, एका शब्दाने विचारलं नाय. कोटाला फूल लावलेलं तसाच गाडीत बसला.

हॉस्पिटलात लिथियमचं नाव सांगितल्यावर तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पहिलं विचारलं, "मीठ-पाणी तोडलंय का?" विनयाने मान हलवली. बाई बोलल्या, मीठ-पाणी कमी पडलं की ही गोळी अंगातून बाहेर पडत नाय, रक्तात साचते, विष होते. "घरी झोपवला असता तर सकाळी उठला नसता कदाचित." आग्नेल दुसऱ्या दिवशी शहाळी घेऊन आला, दाराशीच उभा राहिला, आत यायला तयार नाय.

सलाइनवर माणूस परत आला. गोळी तोवर बंदच ठेवलेली. मग त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे दाखवायला गेलो. बाकड्यावर बसल्या बसल्या जितेश बोलला, "आज सांगून टाकतो. परत गोळी घेणार नाय."

विनया तडकली. "मला जाडा नवरा चालेल. भिंतीकडे तोंड करून पडलेला नाय चालणार."

"तुझं काय जातं? पोट माझं, हात माझा. लोक हसतात तेव्हा मी पण हसतो, ते तुम्हाला दिसतं. आत काय होतं ते कोणी विचारलंय?"

केळ आडवी केलेली ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोर होती. पण त्या सकाळची भीती माझी. गोळीचा भार रोज उचलणारा तो.

"हे सगळं डॉक्टरला बोललायस कधी?" मी विचारलं.

"त्यांना काय सांगायचं."

"हेच. आत्ता मला सांगितलंस ते."

नंबर आला. आम्ही तिघं आत गेलो. डॉक्टरने विचारलं, "काय जितेश, कसं आहे?" त्याचं तोंड सवयीने उघडलं, सगळं ठीक म्हणायला, आणि तसंच राहिलं. मग माझ्याकडे न बघता बोलला, "दादा, तू बाहेर बस. विनया राहू दे."

मी बाहेर आलो, दार लावलं. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द नाय. मधेच थांबायचा, परत सुरू. एकदा विनयाचा रडका आवाज आला, एकदा डॉक्टर हसला. बाहेर माणसं कुरकुरायला लागली. एक जण बोलला, "आत संसार थाटलाय काय?"

"बसा गुपचूप," मी बोललो. "इतक्या वर्षांनी तोंड उघडलंय त्याने."

दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे लाल होते. हातात नवी चिठ्ठी.

"काय ठरलं?"

"तीच गोळी, आधीपेक्षा कमी देतायत. रक्त तपासत राहायचं. नाय जमलं तर दुसरी गोळी बघू बोलले."

"म्हणजे घेणार?"

"बघतो," तो बोलला. "आधी पाणी दे."