बर्फखोलीतल्या कोटाची समुद्रसफर

मी एक जुना कोट आहे. फोटो काढताना घालतात तसला मऊ, सडपातळ कोट नव्हे. मी बर्फखोलीतला कोट. मासळीच्या पेट्या जिथे भिंतीसारख्या रचून ठेवतात, त्या खोलीत माझं आयुष्य गेलं. बाहेरून ताडपत्रीसारखं निळं कापड, आत पिंजलेली लोकर, आणि पुढे बशीएवढी बटणं. हातमोज्यांतल्या बोटांनाही चटकन सापडावीत, म्हणून ती एवढी मोठी.

ज्या शिंप्याने मला शिवलं, तो एरवी तंबू शिवायचा. माझ्यापायी त्याच्या सुया मोडल्या, अंगठा सुजला. शेवटचा टाका घालून तो म्हणाला, "हा कोट नाही, गादी आहे. ही घालून कुणी चालायला लागला, तर मला बघायला बोलवा."

चालला. खोलीचे मुकादम मला घालून चालले, आणि वर्षानुवर्षं चालतच राहिले. मित्रांनो, तेव्हा माझा काय दरारा होता! एकदा मासळीच्या पाण्याने मी चिंब भिजलो आणि खोलीत असा कडक गोठलो, की मुकादम माझ्यातून निघून जेवायला गेले तरी मी आपला उभाच. तेवढ्यात मालक आले. माझ्यापुढे उभे राहून कामाबद्दल बराच वेळ बोलले आणि जाता जाता म्हणाले, "एवढ्या माणसांत हा एकटाच उलटून बोलत नाही." त्या साली मुकादमांना बढती मिळाली ती कुणामुळे, हे मी सांगायला नको. मुकादम हे कबूल करत नाहीत, तो भाग वेगळा.

पुढे कामगारांना चकचकीत, हलकी जाकिटं आली. मुकादम निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन आले. आधी काही दिवस दारामागचा हूक मिळाला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की कपडे धुण्याचं यंत्र फार थडथडतं. झालं! माझी घडी घालून मला त्याच्याखाली सरकवलं. ज्याने बर्फाशी टक्कर घेतली, त्याच्या नशिबी आता मोज्यांची गिरकी आली. रोज हादरे. स्वस्थ म्हणून पडून राहता यायचं नाही.

इकडे मुकादमही स्वस्थ नव्हते. जन्माची थंडी अंगात मुरलेली, म्हणून ऊन जिथे सरकेल तिथे त्यांची खुर्ची सरकायची. सकाळी पुढच्या खोलीत, दुपारी जिन्यात, संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओट्यावर.

आणि अशा माणसाच्या लेकीने काय करावं? आईवडिलांना बर्फाळ समुद्रातल्या जहाजाची सफर ठरवून दिली!

"बर्फ बघायला?" मुकादम खुर्चीतून उठलेच. "जन्मभर पगार घेऊन गारठलो. आता हौसेने गारठू?"

मुकादमांची बायको तेव्हा कपडे वाळत घालत होती. हातातला टॉवेल तसाच धरून ती म्हणाली, "तुम्ही बघितलात तो खोलीतला बर्फ. दिव्याखालचा. मला आभाळाखालचा बघायचाय. उघड्यावर उभी राहून, मन भरेपर्यंत. काचेआडून नाही."

"एवढं काय आहे त्यात?"

"शाळेत नकाशा होता ना, त्याच्या वरच्या टोकाला सगळं पांढरं होतं. मला वाटायचं, रंगवणाऱ्याचा रंग संपला. बाई म्हणाल्या, तो बर्फ आहे. तेव्हापासून जीव अडकलाय तिथे माझा. आता तुमचं ऊन ठेवा चार दिवस गुंडाळून."

 यावर मुकादमांनी खुर्ची तेवढी पुन्हा सरकवली.

मग सुरू झाली बांधाबांध. पलंगावर बॅग आ वासून पडलेली. मुकादमांची बायको लोकरीचे मोजे आत टाकायची, पुन्हा काढायची. स्वेटर आत, स्वेटर बाहेर. मफलर एक घ्यावा की दोन? पातळ पायजम्यावर जाड पायजमा, की जाडावर पातळ? पोळपाटाजवळ असली तरी मध्येच हात पुसत यायची आणि हातमोज्यांची जागा बदलून जायची. शेजारणीकडून कानटोपी आणली, परत केली, पुन्हा मागून आणली. शेवटी शेजारीण म्हणाली, "अहो, ठेवूनच घ्या! माझे कान काही कुठे जात नाहीत."

लेकीने दोघांसाठी दोन जाकिटं धाडली. कागदासारखी पातळ, हात लावला की सळसळणारी. फोनवर ती म्हणाली, "आई, आत थरावर थर घाल, आणि सगळ्यात वर हे जाकीट. बाबांना सांग, हे विसरायचं नाही."

"मला थंडी शिकवते!" मुकादम लांबूनच गरजले. "हिचे दुधाचे दात पडत होते तेव्हा मी बर्फात उभा होतो. हे कसलं जाकीट? खाऊच्या पुड्याला याहून जाड कागद असतो."

"बाबा, तुम्ही फक्त घाला हो!"

"आधी तपासून बघतो," मुकादम म्हणाले.

आणि मित्रांनो, इथे त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. त्यांनी यंत्राखालून मला ओढून काढलं, झटकलं, अंगात घातलं, बायकोला सगळे स्वेटर चढवायला लावले आणि तिला घेऊन ते थेट जुन्या बर्फखोलीत गेले. थंडीची रंगीत तालीम करायला!

खोली तशीच होती. भिंतीवरच्या नळ्यांमधून थंडी गुपचूप खाली उतरायची. सोबतीचे जुने लोक भोवती जमले. त्यांच्यातला एक टक्कल पडलेला पेटीवाला म्हणाला, "वहिनी, त्या ओळीत उभ्या राहू नका हं, शिक्का मारून बाजारात धाडतील!"

बाई हसत हसत पेट्यांमध्ये उभी राहिली. मुकादम दर थोड्या वेळाने विचारत, "वाजते थंडी?"

"नाही बाई. नाकाला तेवढी."

मग तिने स्वेटरवर ते पातळ जाकीट चढवलं. "आता?" मुकादमांनी विचारलं.

"तेवढीच आहे. काही फरक नाही."

"बघ!" मुकादमांनी टाळी वाजवली. "नुसता आवाज. स्वेटर पुरे आहेत. आणि माझा हा आहेच." असं म्हणून त्यांनी माझ्या छातीवर थाप मारली. इतक्या वर्षांनी पडलेली ती थाप! माझी बटणं ताठ झाली.

बॅगेत एक तर मी मावत होतो, नाही तर ती दोन जाकिटं. निकाल लागला. जाकिटं दारामागच्या हुकावर गेली आणि मी बॅगेत. झाकण बसेना, तेव्हा बाई वर बसली. तरी बसेना, तेव्हा मुकादमही बसले. त्या अंधारात माझा जीव घुसमटला, पण खरं सांगतो, एवढा ऐटीत मी कधी घुसमटलो नव्हतो.

जहाजावर पहिल्याच सकाळी दोघं वर निघाले. मुकादम माझ्यात, बाई तिच्या स्वेटरांत. दार लोखंडी आणि जड. मुकादमांनी खांदा लावून ते ढकललं, आणि समोरून जे काही अंगावर आलं, ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

वारा.

आमच्या खोलीत पंखा नव्हता हो. थंडी तिथे माणसासारखी उभी असायची. इथे ती धावत येत होती. बाईच्या स्वेटरांमधून ती अशी आरपार गेली, जशी चाळणीतून पिठी. समोर बर्फाचे डोंगर तरंगत होते आणि बाईच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. दात वाजायला लागले. कठड्यापर्यंतही ती पोचली नाही. मुकादमांनी तिला दंडाला धरून आत आणलं.

"झालं ना बघून?" ते म्हणाले.

तिने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. 

मग ती खिडकीशी बसली. काचेवर तिचा श्वास जमायचा, ती पुसायची. पुन्हा जमायचा, पुन्हा पुसायची. मध्येच उठायची, सगळे मोजे पायात चढवायची, दारापर्यंत जाऊन परत यायची. दुसऱ्या दिवशीही तेच. मुकादमांनाही चैन पडेना. मला घालून ते बोळातून येरझाऱ्या घालू लागले. जहाजावरच्या दुकानात गेले, तर तिथली जाकिटं आधीच संपलेली. उरली होती नुसती चित्रं आणि चाव्यांच्या साखळ्या.

तेवढ्यात भोंग्यातून कप्तानाचा आवाज आला. जेवणानंतर जहाज बर्फाच्या मोठ्या भिंतीपाशी थांबेल आणि तिथूनच मागे वळेल.

मुकादम खोलीत आले. खिडकीत ती काच पुसत होती.

"अगं," ते म्हणाले, "चुकलं माझं. एवढी वर्षं थंडीत काढली, पण वारा कधी भेटलाच नव्हता मला. ते जाकीट वाऱ्यासाठी होतं."

"असू दे."

"असू दे काय? ऊठ. हा कोट घाल."

"आणि तुम्ही?"

"मी बघतो माझं. हात पुढे कर. असे नव्हे, झोपेत चालल्यासारखे सरळ कर!"

आणि त्यांनी मला तिच्या अंगात उलटा चढवला! माझी पाठ तिच्या छातीवर आणि बटणं तिच्या पाठीवर. बर्फखोलीत गडी बर्फाच्या ओल्या लाद्या छातीशी धरून न्यायचे, तेव्हा आपले कोट असेच घालायचे, बटणांच्या फटीतून गार पाणी आत जाऊ नये म्हणून. माझी कॉलर तिच्या नाकापर्यंत आली.

"अहो, मी आरशात बघू का?"

"नको. हसलीस तर बटण तुटेल."

मुकादमांनी स्वतःभोवती खोलीतलं पांघरूण गुंडाळलं, डोक्याला मफलर बांधला आणि दोघं वर निघाले. जिन्यातली माणसं वाट सोडून भिंतीला टेकली. एक उलटी बाई आणि मागून चालणारी गादी, असं काहीसं दिसलं असणार.

दार उघडलं. वारा धावत आला आणि माझ्या अखंड पाठीवर आपटला. मित्रांनो, मी तसूभर हललो नाही. मागच्या फटींवर मुकादम स्वतः टेकून उभे राहिले. ती कठड्याशी पोचली.

भिंत तिथेच होती, जहाजाहून उंच. आणि ती गप्प नव्हती. आतून कुरकुरत होती, तडकत होती, जणू तिलाही एका कुशीवर पडून राहणं जमत नव्हतं. मध्येच घराएवढा एक तुकडा सुटला, पाण्यात कोसळला, आणि त्याचा आवाज मागाहून आला.

"अहो," कॉलरमधून ती म्हणाली, "हा पांढरा कुठे आहे? निळा आहे हा!"

"आणि बोलतो," मुकादम पुटपुटले. "आमचा कधी बोलला नाही."

पांघरुणातून वारा त्यांच्या पाठीत घुसत होता. त्यांचे गुडघे माझ्यावर आपटत होते.

"तुम्ही कुडकुडताय. आत जा ना."

"जाऊ कसा? तुझी बटणं कोण काढणार?"

"मग चला, आपण दोघंही जाऊ."

"आता? ती लावताना माझी बोटं कामातून गेलीत. उभी राहा गुपचूप!"

ती उभी राहिली. बाकीचे प्रवासी येत होते, फोटो काढून पळत होते. जहाज वळायला लागलं तशी ती कठडा धरून जहाजाच्या मागच्या टोकाकडे सरकू लागली, आणि तिच्या मागे टेकलेले मुकादमही तसेच सरकत गेले. उन्हामागे खुर्ची ओढणारा माणूस, मित्रांनो!

एवढी कहाणी ऐकलीत, तर या म्हाताऱ्या कोटाचं एक मागणं ऐका. दुसऱ्याला थंडी किती वाजते, हे आपल्या अंगावरून ठरवू नका. त्यालाच विचारा, आणि तो सांगेल ते खरं माना. आणि आमच्यासारख्यांना अधूनमधून ऊन दाखवा, बटण सैल झालं तर वेळीच टाका घाला. आम्ही यंत्राखाली पडून राहतो, पण आमची लोकर आतून जागी असते.

सध्या मी जहाजातल्या आमच्या खोलीत, गरम नळीशेजारी टांगलेला आहे. खालून ठिबकतोय. परतीच्या वाटेवरही बर्फ आहे म्हणतात. बाई घटकेघटकेला येऊन माझ्या बाह्या चाचपते आणि विचारते, "वाळला का हो?"

"नाही अजून. धीर धर की जरा!"

ती पलंगावर बसते. उठते. खिडकीशी जाते. परत येते. मुकादम तिच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि डोक्याला मफलर बांधायला लागतात.

"चल," ते म्हणतात. "ओला तर ओला."

मित्रांनो, मला बोलणं आटपायला हवं. मुकादमांनी मला हुकावरून काढलंय, आणि तिने हात आधीच पुढे केलेत.