डावा पंजा

ब्रह्मदेशी सागाचे चोवीस खांब. बेल्जियमच्या काचा, त्यातली एक तडकलेली. उंद्री गावच्या बैलांनी घाण्यात दळलेला चुना. दिवाणखान्याच्या भिंतीवर एका बाईचा डावा पंजा.

कापसाच्या जिनिंगवाल्या इंद्रभानशेठचा खामगावातला महाल पुरा होत आला, तेव्हा रिवाजाप्रमाणे शेवटच्या ओल्या गिलाव्यावर घरच्या लक्ष्मीनं हात उमटवायचा होता. शेठाणी अन्नपूर्णाबाईंना यायला उशीर झाला आणि मुहूर्त टळू लागला. मग कडूबा गवंड्यानं चुना वाहणाऱ्या आपल्या बायकोलाच, तानुबाईला, पुढे केलं. तिच्या उजव्या हातात घमेलं होतं, म्हणून तिनं डावा टेकवला.

तीन वर्षांनी, बासष्ट साली, शेठाणीनं कडूबाला बोलावणं धाडलं.

"दर दिवाळीले मी हात लावून पाह्यतो. पंजा अजून ओलाच लागते. खरवडून टाक."

मेलेल्या बायकोचा कडूबाकडे फोटोसुद्धा नव्हता. होता तो हा पंजा. त्यानं थापी उचलली, पण खरवडवेना. वरूनच नवा गिलावा चढवून त्यानं भिंत आरशासारखी घोटली. भाकर खाऊन परतला, तर पाचही बोटं वर आली होती.

"काऊन खरवडलं नाही?" शेठाणी मागे उभी होती.

"तिच्या हाताले लागलं असतं, बाई."

शेठाणीनं त्या पंज्यावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही. मग करंडा आणवून तिनं पाचही बोटांना हळदकुंकू लावलं.

"राहू दे," ती म्हणाली.

तानुबाई वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी याच दिवाणखान्यात परांचीवरून पडून मेली होती, आणि वास्तुशांत पुढे ढकलली नव्हती.