मिझबानच्या काखेतली गाठ

मी एक जुनी कुबडी आहे, मित्रांनो. तुतीच्या लाकडाची. बसऱ्याजवळच्या एका कालव्याकाठी नावा बांधणाऱ्या सुताराने मला तासलं. युद्धानंतर खजुराच्या बागेत राहून गेलेल्या सुरुंगाने मिझबानचा डावा पाय नेला, तेव्हा त्याची बायको वबरिया मला घरी घेऊन आली. माझ्या डोक्यावर तिने लोकरीची गादी शिवली. एकोणीस वर्षं मी त्याच्या काखेत काढली. तो बोरूच्या चटया विणायला निघाला की शेजारी म्हणत, "मिझबानपेक्षा त्याची कुबडी तरतरीत!" मला बरं वाटायचं.

एका उन्हाळ्यात, खजूर पिकत असताना, माझ्या गादीला काहीतरी लागलं. मटारएवढं. मी दचकले. त्या काखेतली शीरन् शीर मला ठाऊक होती. हे तिथलं नव्हतं. मिझबानला दुखत नव्हतं. दर पावलाला मी त्यावर दाबली जायचे, पण ते दबत नव्हतं, सरकत नव्हतं. महिन्याभरात ते खजुराच्या बीएवढं झालं, मग अख्ख्या खजुराएवढं. आणि माझ्यावर पडणारा मिझबानचा भार मात्र कमी कमी होत चालला. जणू माणूस हळूहळू घर सोडत होता, आणि ते तिथे राहायला येत होतं.

एकदा सदरा चढवताना वबरियाच्या हाताला ते लागलं.

"अहो, हे काय?"

"कुबडीचा घट्टा. घासून घासून झालाय."

झालं! दोष माझ्यावर आला. मला चटयांच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. तीन आठवडे मला त्याचा स्पर्श नव्हता, तरी ते वाढतच असणार असं मला वाटत होतं. मग भिंतीपलीकडून वबरियाचा आवाज आला.

"कुबडी नाही, तरी हे वाढतंच आहे. आणि रोज पहाटे तुमची घामाने चिंब चादर पिळून वाळत घालते, ती काय कुबडीने भिजवली?"

"डॉक्टर चिरतील गं."

"चिरू देत. उठा!"

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गाठ दाबून पाहिली. त्या हसल्या नाहीत.

"इतके दिवस का थांबलात, काका?"

"दुखत नव्हतं ना."

"न दुखणारी, टणक, वाढणारी गाठच लवकर दाखवायची असते. दोन आठवड्यांत गेली नाही की यायचं. ताप येत असेल, रात्री घाम फुटत असेल, वजन उतरत असेल, तर तेवढंही थांबायचं नाही."

तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला, पण औषधाला दाद देणारा. सात महिने मिझबानने सोसलं. केस गेले, परत आले. गाठ विरली. आता तो हाताने धरायची नवी काठी वापरतो.

मित्रांनो, काखेतली बरीचशी सूज साधी असते, आपोआप बसते. पण जी बसत नाही तिच्यासाठी सबबी शोधू नका.

मला आता वबरिया गरजूंना वापरायला देते, पण आधी त्यांची काख चाचपून पाहते. परवा पाय मुरगळलेली एक तरुण कोळीण आली. वबरिया म्हणाली, "हात वर कर बघू." तिची बोटं काखेत फिरली, आणि एके ठिकाणी थांबली.

"कधीपासून आहे हे?"

"काय?" पोरीने विचारलं.

वबरियाने चप्पल पायात सरकवली. "चल, मी येते तुझ्याबरोबर."