डांबराखालची गाडी

योगराज पाटील पाटबंधारे खात्यात कारकून होते. जळगावात त्यांच्या कॉलनीत सगळ्यात स्वच्छ गाडी कुणाची, असं विचारलं तर कुणीही त्यांच्याच दाराकडे बोट दाखवलं असतं. म्हणूनच त्या रविवारी सकाळी गाडीसमोर उभे राहिल्यावर त्यांना काही सुचेना.

आदल्या दिवशी ते बायकोला, मोहिनीला, घेऊन धुळ्याला लग्नाला गेले होते. मंगल कार्यालयाच्या पार्किंगवाल्याने आत जाताना चावी ठेवून घेतली आणि अंधार पडल्यावर निघताना गाडी फाटकाशी आणून दिली. पांढरी गाडी, तीच कंपनी, तेच मॉडेल. सीट फार पुढे ओढलेली होती, आरसा खाली वाकवलेला होता, चावीचा छल्लाही गायब होता. पार्किंगवाल्यावर चिडत योगराजांनी सीट आणि आरसा नीट करून घेतला आणि जळगाव गाठलं.

आता उजेडात दिसत होतं की पुढच्या बंपरवर, बॉनेटवर, नंबर प्लेटवर किड्यांचा थरच्या थर चिकटलाय. आणि दोन्ही बाजूंना, चाकांच्या वर, डांबराचे काळे ठिपके.

"काल कुठे डांबर लागलं होतं का रस्त्यात?" त्यांनी विचारलं.

"मला तर नाही दिसलं," मोहिनी म्हणाली.

त्यांनी जुना टॉवेल साबणाच्या पाण्यात बुडवून बॉनेटवरून नंबर प्लेटपर्यंत पसरला. किडे भिजू द्यायचे, खरवडायचे नाहीत, नाहीतर रंगावर ओरखडे येतात. तोवर खोबरेल तेलाची बाटली घेऊन ते डांबराकडे वळले. एकेका ठिपक्यावर तेल लावायचं, पाच मिनिटं थांबायचं, मऊ कापडाने हलकेच पुसायचं. पण डांबर हलेना. तीन-तीनदा तेल लावल्यावर कुठे कडा सुटायला लागल्या.

"कालचं डांबर एवढं घट्ट कसं बसलं?"

मोहिनी मागच्या सीटखालून झाडू फिरवत होती. तिच्या हाताला लहान मुलीची एक गुलाबी चप्पल लागली. त्यांच्या घरात लहान मुलगी नव्हती.

"लग्नातलं कुणी बसलं होतं का आपल्यासोबत?" योगराजांनी विचारलं.

"कोण बसणार? आपण दोघंच होतो."

योगराजांनी चप्पल पायरीवर ठेवली. मग योगराज पुन्हा कामाला लागले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. दोन तासांनी दोन्ही बाजू आरशासारख्या लखलखल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की डाव्या दरवाजावर पोचाच नाही. गेल्या वर्षी केळीच्या ट्रकने घासून पडलेला तो पोचा त्यांना रोज टोचायचा. आज तो नव्हता. डांबर पुसल्याने पोचा कसा जाईल?

शेवटी त्यांनी टॉवेल ओढून नंबर प्लेटवरचे किडे पुसले. जळगावच्या एमएच एकोणीसच्या जागी धुळ्याचं एमएच अठरा होतं.

ते तिथेच, ओल्या फरशीवर बसले.

डॅशबोर्डच्या कप्प्यात गॅरेजचं एक बिल सापडलं. त्यावर भटू पाटील हे नाव आणि फोन नंबर होता. योगराजांनी फोन लावला.

"भाऊ, तुमची गाडी माझ्या दारात आहे. जळगावला."

पलीकडून अहिराणीत उत्तर आलं. "मन्ही गाडी आठेच उभी शे. कार्यालयना खिडकीमाईन माले दिखी ऱ्हायनी."

"तिच्या डाव्या दरवाजाला पोचा आहे का, बघता का जरा?"

भटूभाऊ खाली गेल्याचे आवाज आले. "पोचा शे," एवढंच ते अखेर म्हणाले. नवरीकडचे म्हणून ते कुटुंबासह कार्यालयातच मुक्कामाला होते, त्यामुळे रात्रभर गाडीकडे कुणी फिरकलंच नव्हतं.

दुपारी मधल्या वाटेवर पारोळ्याला, रस्त्याकडेच्या एका चहाच्या हॉटेलासमोर दोन्ही गाड्या आल्या. भटूभाऊ उतरले. योगराजांनी आणलेल्या गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली, मग आणखी एक.

"हाई मन्ही गाडी नै शे," ते म्हणाले.

योगराजांनी नंबर दाखवला, बिल दाखवलं, चप्पल दाखवली. भटूभाऊ चाकाच्या वर हात फिरवत राहिले.

"इथे डांबर होतं," आता ते सावकाश, शहरी बोलीत म्हणाले. "आमच्या गावाला पहिल्यांदा रस्ता झाला, त्या दिवशीचं. अजून गरम होता. ठेकेदार नको म्हणत असताना मी आईला बसवून गाडी घातली. पहिली गाडी माझी. ते मी मुद्दाम ठेवलं होतं."

योगराजांना कळेना, हात जोडावेत की काय करावं?

"मला काय माहीत, भाऊ," ते कसेबसे म्हणाले. "मला वाटलं, माझीच गाडी."

तेवढ्यात दुसऱ्या गाडीतून भटूभाऊंची आई, ताईबाई, नातीचा हात धरून उतरल्या. त्यांनी धुतलेल्या गाडीला टेकून पाहिलं आणि लुगड्याचा पदर तपासला.

"बरं करं भाऊ," त्या योगराजांना म्हणाल्या. "उन्हायामा ते डांबर मन्हा लुगडाले लागे. याले सांगी सांगी दमनू."

भटूभाऊंनी आईकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि हॉटेलवाल्याला पाच चहा सांगितले. निघताना डांबर कशाने काढलं, एवढं त्यांनी विचारून घेतलं.

परतताना एरंडोल मागे पडलं.

"त्यांना राग आला होता की बरं वाटलं?" मोहिनीने विचारलं.

"तेच तर कळलं नाही," योगराज म्हणाले.