वहिनीची टाच

थोरल्या भावाला पहिली नात झाली, त्याच वर्षी वहिनीचा डावा बूट फाटला. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या. बाळ बघायला वहिनी सायकलवरून डोंगरापलीकडे लेकीच्या घरी गेली होती. जाताना पलीकडच्या उताराच्या शेवटच्या वळणावर तिला ब्रेक दाबायचा होता, पण बोटं वळलीच नाहीत. मग तिनं पाय रस्त्याला लावला आणि बुटाचा तळ घासत घासत सायकल थांबवली. आम्ही दोघे भाऊ वर्कशॉपमध्ये होतो. परतल्यावर ती दारात येऊन उभी राहिली, पाय उचलला आणि बुटाच्या भोकातून अंगठा हलवून दाखवला.

"बघा, बाळसुद्धा असंच करतंय," म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

दादाला हसू आलं नाही. त्यानं हातातली कानस खाली ठेवली.

"संपलं. आता बसनं जायचं."

"बसमध्ये मला मळमळतं."

"मग लेकीला इकडं बोलवत जा."

"ती तान्ह्या पोराला घेऊन येणार, आणि मी दारात बसून वाट बघणार? अहो, बोटं गेलीत माझी. पाय शाबूत आहेत."

वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. ओल्या चादरी पिळण्यात तिची उमर गेली, आणि हिशेब बोटांनी चुकता केला. सकाळी तिला कपाचा कान धरता यायचा नाही, ती कप दोन्ही तळव्यांत घ्यायची. पण सायकलवर बसली की तिचं वय उतरायचं. धुलाईघराच्या वाफेतून बाहेर पडून तोंडावर वारा घ्यायचा, एवढीच तिची चैन. ती चैन गेली असती तर तिच्याकडं फक्त चादरी उरल्या असत्या. हे दादाला कळत नव्हतं असं नाही. पण त्याला तो फाटलेला बूटही दिसत होता.

दादाचा धंदा सायकलीच्या फ्रेम बांधण्याचा. माणसाचं माप घ्यायचं, त्याप्रमाणे नळ्या कापायच्या आणि पितळेची झाळ देऊन जोडायच्या. मी त्याच्या हाताखाली. कानस, रंग आणि दादाची बोलणी खाणं, ही माझी कामं.

"डिस्कचे ब्रेक असतात आता," मी म्हणालो. "तेलावर चालतात. दोन बोटं टेकवली तरी लागतात म्हणे."

"सायकलीला ताटल्या लावू? शर्यतीची सायकल आहे, भांड्यांचं दुकान नाही."

सायकल काही दिवस भिंतीला टेकून राहिली. वहिनी चालत कामावर जायची आणि चालत यायची. चालण्याबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती. दादाला तेच जड गेलं असावं. एका सकाळी तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि कापडात गुंडाळलेल्या नळ्या खाली घेऊन आला. त्या मला माहीत होत्या. फार पातळ, फार हलक्या. त्या बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. दादानं स्वतःच्या म्हातारपणासाठी त्या जपून ठेवल्या होत्या.

"बांधून देतो एक," तो वहिनीला म्हणाला. "उतारावर मी 'थांब' म्हणेन तिथं थांबलीस तर ठीक. नाही थांबलीस तर सायकल कायमची बंद. आहे कबूल?"

"कबूल. माप घ्या."

"तुझं माप मला पाठ आहे."

आणि खरंच होतं. फ्रेम अशी उतरली की वहिनी तिच्यावर बसली आणि म्हणाली, "ही तर माझ्या अंगावर वाढलेली दिसते." आता एकच जोड राहिला होता. मागच्या ब्रेकचा.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी एक तबकडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चावणारा एक जबडा असतो. त्याला कॅलिपर म्हणतात. हा जबडा फ्रेमला कुठं आणि कसा बसवायचा, ते आधी ठरवावं लागतं, कारण त्याची बैठक फ्रेमलाच झाळावी लागते. बैठकी दोन तऱ्हेच्या. एक कानांची: नळीतून दोन कान बाहेर येतात आणि कॅलिपर त्यांच्यावर बाहेरच्या अंगाला बसतो. दुसरी सपाट: तिच्यात कॅलिपर खालच्या नळीवरच, दोन नळ्यांच्या बेचक्यात आत बसतो. पुढचं चाक धरणारा चिमटा आम्ही तयार आणला होता. त्याची बैठक सपाट होती.

"मागंही सपाटच करू," मी म्हणालो. "दोन्हीकडं एकाच जातीचे कॅलिपर बसतील."

"कानांची करू. कान मजबूत असतात. मी ते केलेत. सपाट बैठक केसाएवढी वाकडी झाली तरी ब्रेक आयुष्यभर कुरकुरतो."

"तुझ्यासारखा."

"कानस धर आणि गप्प बस."

पण घाई करायला तोही तयार नव्हता. ती पातळ नळी एकदाच तापवता येते. चुकीच्या जागी झाळ दिली, ती काढायला पुन्हा ज्योत धरली, की नळी जळाली. दुसऱ्या नळ्या नव्हत्या. म्हणून दादानं वहिनीकडून साबणाची एक वडी मागून घेतली, चाकूनं कोरून तिचा कॅलिपर केला आणि वहिनीच्या जुन्या सायकलला, कानांची बैठक येणार होती त्या जागी, तारेनं बांधला. सायकल स्टँडवर चढवली, स्वतः बसला आणि पायडल मारायला लागला.

"बघ. टाच कुठंही लागत नाही. बोटभर जागा राहते."

"तुझी टाच लागत नाही."

"तिचा पाय माझ्याएवढाच आहे. माझेच जुने बूट घालते ती."

"दादा, वहिनीची टाच आत वळते. बदकासारखी."

"कोण म्हणतं?"

"मी बघतो ना मागून."

दादा पायडल मारायचा थांबला. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघे निघायचो, तेव्हा दादा पुढं, वहिनी मध्ये आणि मी शेवटी. लग्न झाल्यापासून असंच. वारा आपण कापायचा, बायकोनं आपल्या आडोशानं यायचं, असा त्याचा हिशेब. त्यात प्रेम होतं आणि थोडी ऐटही होती. पण पुढं असलेल्या माणसाला मागचं काय दिसणार?

"तीस वर्षं सायकल चालवते ती माझ्याबरोबर," तो म्हणाला. "मला माहीत नाही होय?"

"बघ तरी."

आम्ही वहिनीला बोलावलं. ती साबणाच्या सायकलवर बसली. आणि दादा सवयीनं आपली सायकल तिच्यापुढं काढायला लागला.

"अहो, पुढं जाऊन टाच कशी बघणार?" वहिनी म्हणाली. "मान उलटी बसवून घेतलीत का?"

तो मुकाट्यानं मागं आला. गिरणीच्या भिंतीलगतचा सरळ रस्ता होता. वहिनी पुढं, तिच्यामागं दादा, त्याच्यामागं मी. थोडं अंतर गेलो आणि ठप् असा आवाज झाला. साबणाचा टवका उडाला. मग पुन्हा ठप्. भिंत संपायच्या आत वहिनीच्या टाचेनं कॅलिपर साफ उडवला आणि तो घरंगळत गटारात गेला. वहिनीला पत्ताच नव्हता. ती गुणगुणत होती. वळणावरच्या न्हाव्यानं वस्तरा हलवला, तिनं हात केला. एका कुत्र्याला तिनं नाव घेऊन हाक मारली. मग रस्ता चढला तशी ती सीटवरून उठून उभी राहिली आणि अशी सुसाट निघाली की आम्ही दोघे मागं पडलो.

दादा माझ्याशेजारी आला. धाप लागली होती.

"ही नेहमी अशीच चालवते?"

"कशी?"

"अशी... मजेत."

"नेहमी," मी म्हणालो. "तुझ्या चाकाला चाक लागू नये म्हणून उलट ब्रेक दाबत यायची."

चढ संपला तिथं ती वाट बघत उभी होती.

"तुझी टाच अशी कधीपासून आहे?" दादानं विचारलं.

"जन्मापासून."

"मग सांगायचं नाही?"

"टाच काय सांगायची गोष्ट आहे? तुम्ही कधी मागं वळला असता तर दिसली असती."

घरी आल्यावर दादानं कान असलेले पत्रे फडताळात परत ठेवून दिले.

सपाट बैठकीसाठी मी कानस चालवली. प्रत्येक वेळी दादा डोळा लावून बघायचा आणि म्हणायचा, "अजून." कॅलिपर आले, त्यांच्याबरोबर बारीक अक्षरांचा एक कागद आला. मला तेव्हा अक्षर ओळखू येत नव्हतं, आणि दादाचा चष्मा कधीच जागेवर नसायचा. वहिनीनं कागद वाचून दाखवला. बोल्ट खालून घाला, तबकडीला तेलाचा हात लावू नका, आणि उतारावर बायकोचं ऐका.

"असं लिहिलंय?" मी विचारलं.

"ठळक अक्षरांत."

झाळ देताना दादानं आम्हाला दोघांनाही बाहेर काढलं. दार उघडलं तेव्हा तो नुसता बसून होता आणि जोड थंड होत होता. बैठक अंगठ्याच्या नखासारखी नीट बसली होती.

डोंगरावर गेलो ती सकाळ स्वच्छ होती. माथ्यावर दादानं अट पुन्हा ऐकवली. वहिनीनं मान डोलावली आणि सोडली सायकल. दादा तिच्यामागं, मी त्याच्यामागं. वळणं एकामागून एक आली. तिची टाच आत वळत होती आणि कशालाही लागत नव्हती. बूट फाटला होता त्या वळणाच्या तोंडावर दादा ओरडला, "थांब!"

वहिनीनं दोन बोटं टेकवली. सायकल जागच्या जागी उभी राहिली.

दादाच्या सायकलचे ब्रेक जुने, रबराचे. तो दोन्ही मुठी आवळून, तोंड वेडंवाकडं करून, किंचाळत्या चाकांसकट तिच्या शेजारून पुढं निघून गेला आणि पार खाली झुडपात जाऊन थांबला.

वहिनी हँडलवर वाकून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अहो," तिनं वरून हाक मारली, "थांबायचं मला होतं ना?"

दादा सायकल ढकलत वर आला. कोपर खरचटलं होतं, केसांत काटक्या. मला वाटलं आता चिडतो. त्यानं वाकून तिच्या मागच्या चाकाची तबकडी जवळून बघितली.

"कुरकुरला नाही," तो म्हणाला, आणि तोही हसायला लागला. "तू हो पुढं. मी येतो मागून."

लेक दारात बाळ घेऊन उभी होती. बापाचा अवतार बघून ती म्हणाली, "आई, यांना बसनं का नाही आणलंस?"

त्यानंतरही आम्ही तिघे जात राहिलो. दादानं आपल्या सायकलला काही डिस्क लावल्या नाहीत. उतारावर तो हळू यायचा आणि वहिनी खाली थांबलेली असायची.

वहिनी वारली, नात नववीत होती त्या वर्षी मार्चमध्ये. दादा त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये.